नॉब

कूलरचा नॉब मला फिरवता येत नाही.
तीनवरून दोनवर. एवढंच.
लेक म्हणतो, "आई, थंडी वाजून राहिली, कमी कर ना."
मी उठते, खसच्या ओल्या वासापाशी उभी राहते,
बोटं नॉबवर जातात आणि तिथेच थांबतात.
शेवटी तोच उठतो.

त्या एप्रिलात नागपूर चव्वेचाळीसवर होतं,
किटच्या आत किती, ते कुणी मोजलं नाही.
हातमोज्यांत घाम साचून बोटं पांढरी पडायची.
पहाटे तीनला वरून निरोप आला:
टँकर अजून भंडाऱ्याच्या पलीकडे आहे,
तोवर सगळ्यांचं थोडं थोडं कमी करा.

थोडं थोडं.
भाजीतलं मीठ सांगावं तसं.

छत्तीस खाटा.
दहाचं सहा, आठचं पाच करत गेले,
माझ्यामागे बाटल्यांतले बुडबुडे मंदावत आले.
एकवीस नंबरचे लांजेवार जागे होते.
कामठीत सायकलदुरुस्तीचं दुकान,
वॉल्व्ह, वायसर, हवा, सगळं हाताखालून गेलेलं.
त्यांनी माझी बोटं पाहिली, मग मीटरमधली गोळी,
आणि मास्कच्या आतून म्हणाले,
"बाई, उलटं फिरवून राहिल्या तुम्ही."
रागानं नाही.
नव्या पोऱ्याला पान्हा शिकवावा, तसं.

मी म्हटलं, "हो काका, बघते."
आणि बावीसकडे वळले.

टँकर साडेपाचला आला.
आकडे पुन्हा दहावर, आठवर.
आदेश तोंडी होता, म्हणजे कुठेच नव्हता.
आठला त्यांच्या सुनेचा फोन: "बाबा काही बोलले का?"
मी म्हटलं, नाही.

पुढे शाल मिळाली. अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतला.
झोप लागते का. भूक. रडू.
"कधीच नाही" ते "रोज", चार चौकटी.
मी झोपते. जेवते. तर्री पोह्याची दुसरी प्लेट मागते.
खरं तेच लिहिलं, सगळं पहिल्या चौकटीत.
नॉबचा प्रश्न त्यात नव्हता.

समुपदेशक ठवकर मॅडम, माझ्या लेकीच्या वयाच्या.
"अजून काही सांगायचंय, ताई?"
कागद फडफडत होते.
मी म्हटलं, "पंखा जरा कमी करता का?"

त्या उठल्या, बोलता बोलता फिरवला.
मी बघत राहिले,
कुठल्या बाजूला.