जाड दोरीचा कान

आडसच्या शाळेतून अकरा मुली, एक ट्रॅक्टर,
दोन तंबू, त्यातल्या एकाला उंदरानं पाडलेली खिडकी.
धारूरच्या घाटावर उतरलो तेव्हा
सिताफळी नुसत्या काटक्या होऊन उभ्या होत्या
आणि उगवतीचा गार वारा
कुणाला न विचारता अंगात शिरत होता.

शमीमबाई आधी काही बोलल्याच नाहीत.
मूठभर माती उचलली, सोडली,
धूळ गेली तिकडं बोट केलं:
"तंबूची पाठ वाऱ्याला. चूल खालच्या अंगाला.
संडासाचा खड्डा त्याच्याही खाली, लांब,
नाहीतर रातभर आपलाच वास आपल्याला."
हसलो. कुदळ हातात आल्यावर हसू संपलं.

मुरमात खुंटी सरळ ठोकली की उपटून येते.
तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब,
दाव्याला ओढ देणाऱ्या म्हशीसारखी मागं रेललेली.
मी सात खुंट्या ठोकल्या.
अंगठा एकदा.

तुराट्या भसकन पेटतात, तितक्याच लवकर विझतात.
त्यांच्यावर पऱ्हाट्या, मग बाभळीचं जळण,
मधे बोट जाईल एवढी फट.
"जाळालाबी नाक असतंय, दाबायलीस कशाला?"
अयोध्यानं फुंकून फुंकून भुवया जाळून घेतल्या
तेव्हा कुठं भात शिजला, तोही खाली लागलेला.

दिवस बुडायच्या आत तंबूपासून खड्ड्यापर्यंत दोरी:
रात्री हात धरायला.
अर्धं चऱ्हाट, बाईंच्या विहिरीवरचं, अंगठ्याएवढं जाड,
अर्धा शाळेचा निळा नायलॉन.
जोड माझ्याकडं.
जाड-बारीक दोरीला चपटी गाठ धरत नाही,
कान करून बांधायचं,
हे दुपारीच ऐकलं होतं. पण बोटं गारठली होती.
मी चपटीच मारली.

रात्री जाग आली.
जोडीदारणीला उठवायचं असा नियम,
पण अयोध्या उरल्यासुरल्या भुवयांसकट घोरत होती.
जाताना तळव्यातून नायलॉन गेला, मग चऱ्हाट खरखरलं.
येताना चऱ्हाट आलं, आलं,
आणि संपलं.

हातात एक टोक. त्याच्यापुढं काहीच नाही.
बॅटरी तंबूत. शिट्टी गळ्यात.
तीनदा फुंकली की सगळ्या धावत येतात
आणि सगळ्यांना कळतं गाठ कुणाची होती.
नाही फुंकली.

खाली बसले. चुकलात तर आधी बसा,
पायांना अक्कल नसते, बाई म्हणायच्या.
तिकांडं मावळतीला कललेलं,
उत्तरेला बाज वर आलेली, तिचे तीन चोर मागं.
वारा तोंडावर, म्हणजे तंबू समोर.
पण समोर म्हणजे नेमकं कुठं?

मग आमचं खळं आठवलं.
मेढीला बांधलेला बैल कितीही फिरला
तरी हरवत नाही.
चऱ्हाट ताणून धरलं, खड्ड्याचा खांब झाला मेढ,
पाय घासत फेर धरला.
डावीकडं बोराटी. ओरबाडून परत.
उजवीकडं सातव्या पावलाला
टाचेखाली गार, गुळगुळीत.
श्वास तिथंच थांबला.
नायलॉन होता.

जाड दोरीचा कान केला,
बारीक खालून कानात घातली,
मानेमागून फिरवून तिच्याच अंगाखाली दाबली.
ओढली. पुन्हा ओढली.
दोन्ही दोऱ्या एकमेकींना चावून बसल्या.

सकाळी बाई दोरी गुंडाळताना जोडापाशी थांबल्या.
गाठीत कुसळ अडकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर.
"ही अंधारात बांधलीय," म्हणाल्या,
सोडवली, आणि गुंडाळत पुढं गेल्या.

खड्डा बुजवला. राखेवर पाणी ओतलं,
तळहात टेकवून बघितला.
खुंट्या मोजल्या, तेवीस.
आणल्या होत्या चोवीस.
ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवायला लागला तरी
अकरा मुली वाकून मुरूम चाळत होतो.
नाही सापडली.
द्रौपदाची होती, असं मी तेव्हा सांगितलं.