पापणीचं खाचर

म्हणायची पद्धत बघा आपल्याकडे :
डोळे आले.
जसे आधी नव्हतेच,
जशी सत्तेचाळीस वर्षं मी आनंदवाडीतून
पाणी न बघताच होडी हाकत होतो.

मंगळवारी पहाटे उजवी पापणी उघडेना.
पिवळा चिकटा सुकून बसलेला,
कालव खडकाला घट्ट मिटून असतं, तसा डोळा.
बोटाने ओढणार, तेवढ्यात सून ओरडली,
"हात लावू नकात!"
या घरात तिचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पडेलच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली,
भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली.
उजेड खुपतो? आत दुखतं?
दोन्हीला नाही म्हटल्यावर लिहून दिली
करंगळीहून बारीक एक ट्यूब,
दिवसातून चारदा, सात दिवस.
"दुखायला लागलं, पुसूनही अंधुक राहिलं,
तर लगेच इकडे. वाट बघायची नाही."

तेव्हापासून दीपश्रीचं हे सुरू.
आधी साबणाने हात,
बांगड्याचा वास जाईपर्यंत.
उकळून कोमट केलेलं पाणी, कापसाचा बोळा,
नाकाकडून कानाकडे एकदाच,
तो टाकायचा, नवा घ्यायचा.
मग म्हणते, "वर बघा. कौलांक बघा."
मी कौलं बघतो.
अकरावं फुटलंय. कुणालाच माहीत नव्हतं.
ती खालची पापणी जराशी ओढते
आणि त्या इवल्या खाचरात
भाताच्या दोन दाण्यांएवढी रेघ पेरते,
ट्यूबचं तोंड कुठेच न टेकवता,
होडी धक्क्याला लावावी तशी,
मध्ये बोटभर पाणी राखून.

"मिटा."
मिटतो. उघडतो, तर सगळं लोण्यातून दिसतं,
दीपस्तंभसुद्धा वितळलेला.
म्हटलं, धुक्यात याहून कमी बघून आणलीय होडी.
तिने इंजिनाची किल्ली
तांदळाच्या डब्यात, खूप खोल, पुरली.

तिसऱ्या दिवशी शेवंती आली, डोळे लाल.
"तुमचा झाला मां बरा? माका दी गो ती ट्यूब."
दीपश्रीने चहा दिला,
पडेलला जायला रिक्षाचे पैसे दिले,
ट्यूब दिली नाही.
मला वाटलं, केवढा हा चिक्कूपणा.
आणि मग बाबली तारी आठवला.

बाबलीचा डोळा आला होता, त्या साली
मीच दिली त्याला बाटली,
कुणाच्या तरी ऑपरेशननंतर कपाटात उरलेली,
नाव पुसलेलं, तारीख पुसलेली.
दोन थेंबांत लाली गेली. दोघेही खूश.
आत काय पिकत होतं,
ते लाली गेल्यामुळेच कळलं नाही.
बुबुळ पांढरं झालं, शिंपल्याच्या पोटासारखं.
मला कधी बोलला नाही तो.
फक्त उजवीकडून हाक मारली की दचकायचा.
तेव्हापासून मी त्याला
डावीकडूनच हाक मारतो.

चौथ्या दिवशी डोळा नितळ. म्हटलं, बास.
"सात म्हणजे सात."
माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर,
गितेश उंबऱ्यापलीकडून
पाढे ओरडून म्हणतोय,
आणि मी बाकावर, आढ्याकडे तोंड करून,
पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशीही
अकरावं कौल बघतोय.

शेवटची रेघ घालून झाल्यावर
ट्यूब अर्धी उरली होती.
दीपश्रीने ती कपाटात जाऊ दिली नाही.
मी काही बोललो नाही.

दृष्टी निवळल्यावर संध्याकाळी
बाबलीकडे गेलो. जाळं शिवत होता.
डाव्या बाजूला बसलो.
"बाबल्या," म्हटलं, "ती बाटली..."
सुई थांबली नाही त्याची.
एक गाठ, अजून एक गाठ.
मग दात लावून दोरा तोडला त्याने
आणि विचारलं,
"भरती कितीक आसा रे उद्या?"