उलट्या बाजूने

लीवे साडी मागायला आली तेव्हा
मी बॉबिनच्या क्रेटवर बसून डबा खात होते.
तीन आठवडे झाले होते तिला बेल्जियमहून येऊन,
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
नवा रॅपियर माग बसवायला.
निळा डगला, खिशात पाने,
आणि सायबण्णा जॉबरकडून शिकलेले दोनच शब्द:
धागा तुटला.
तेवढ्यावर तिचं भागत होतं.

शनिवारी शेठच्या लेकीचं लग्न.
तिने फोनमध्ये काहीतरी टाईप केलं
आणि फोन मराठीत बोलला,
"हे वस्त्र मी परिधान करणे उचित आहे काय?"

परिधान!
माझ्या नाकात आमटी गेली.

पण उचित म्हणजे कुणाच्या हिशोबानं?
आमची माणसं तेलंगणातून आली पोटामागं,
अम्मा इरकल नेसायला शिकली ती
गल्लीतल्या कानडी बायकांकडे चोरून बघून.
तिने कुणाला विचारलं नव्हतं.
हसलं असेल कुणी. असेलच.
आणि आमचे टॉवेल?
कंटेनर भरभरून हिच्याच मुलखात जातात,
तिथल्या ओल्या पाठी आम्ही रोज पुसतो
न विचारता.

एवढं सगळं त्या फोनला कुठं सांगू?
म्हटलं, ये. संध्याकाळी.

पेटीत चांगली म्हणावी अशी एकच,
अम्माची. डाळिंबी अंग, लाल-पांढरा पदर.
लीवे आरशापुढे गेलीच नाही.
तिने साडी उलटी केली,
बल्बखाली धरली,
खिशातलं भिंग काढून मोजत बसली
अंगाचे धागे जिथे संपतात
आणि पदराचे सुरू होतात तो सांधा,
फाश्यात फासा अडकवून जोडलेला.
जिभेनं टक् टक् करत होती,
सायबण्णा चांगलं कापड बघून करतो तशी.

मग पदराच्या कडेला थांबली.
वीतभर रफू.
तिथं कुणाची नजर जात नाही.
ती बघतच राहिली, मग माझ्याकडे वळली,
हवेत एक गोल फिरवला
आणि स्वतःची कॉलर
मुठीत धरून खस्सकन ओढली.
"धागा तुटला?"

हो, म्हटलं.
धागाच म्हणायचं.

मी अकरा वर्षांची, कांड्या भरत होते.
पट्ट्यानं आधी पदर घेतला, मग खांदा.
कुणीतरी पट्टा उतरवला. कुणी, ते अजून कळलं नाही.
त्यानंतर अम्माचा उजवा हात
कानाच्या वर कधी गेला नाही.
रफू तिनेच केलं, डाव्या हातानं,
म्हणून टाके जरा तिरपे.
मी ओढणीसुद्धा घेत नाही.
गल्लीला वाटतं, ही फॅशनची.

नेसवली. घोट्यापर्यंत काही पोचेना,
खाली तिचे मोजे दिसत होते.
दारातून चिट्यालकाकू म्हणाल्या,
"शोभतंय की गं हिला.
तुला कधी बघितलं नाही यात."
मी पिना शोधत राहिले.

आणि नेमका तेव्हाच सायबण्णाचा फोन.
माग बंद. सकाळी माल जायचाय.

ती तशीच निघाली, साडीत.
रिक्षात मी एक शब्द बोलले नाही.
शेडच्या दारात मात्र
माझ्या हातानं आपणहून तिचा पदर धरला.

लीवे वळली.
रागावली नाही.
मेन स्विच पाडला, सायबण्णाला तिथंच उभं केलं,
पदर खांद्यावरून उतरवला, पुढून गच्च खोचला,
उरलेलं टोक, ते रफूचं,
माझ्याच मुठीत ठेवलं
आणि आत वाकली.

वीस मिनिटं मी उभी होते
टोक धरून.
आजूबाजूचे जुने माग धडधडत होते,
कापसाची भुकटी तिच्या केसांवर, माझ्या भुवयांवर.
आतून ती पाना मागायची
तिच्या भाषेत.
कुठला, ते मला कळायचं.

मग ती मागे सरकली. स्विच वर.
पहिलं बोटभर कापड बाहेर आलं.
तिने पदरासाठी हात पुढे केला.

थांब, म्हटलं.
थांब जरा.