चौघांसाठी, माग चालू असताना

वडगावात यंत्रमागांच्या शेडवर पत्र्याची एक खोली आहे.
भाडं कमी, कारण खाली दिवसभर खटखट.
दर गुरुवारी तिथं आम्ही चौघं.

सुभेदार मुतगेकरांचा सॅक्सोफोन
पलटणीच्या बँडमधून सुटल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेला.
इनासिया मिस कॅम्पातून रिक्षानं येतात, व्हायोलिन मांडीवर,
बाळाला दवाखान्यात नेतात तसं.
इराप्पा बडिगेर चेलो पाठीला बांधून मोटारसायकलवर;
सिग्नलला पोरं विचारतात, मामा, आत कोण हाय?
व्हिओला माझा. कागदही माझे.

कागदावर सगळं सरळ होतं.
एक विषय, त्याला उत्तर, मग तोच विषय उलटा,
जुन्या काळच्या एखाद्या चर्चमधल्या उस्तादाला चालला असता असा.
आठव्या मापापासून मात्र मी झोल सोडला होता.
झोल, म्हणजे दोन सुरांना सारखी जागा द्यायची नाही.
पहिल्यानं पाय पसरून बसायचं,
दुसऱ्यानं धावत येऊन निपाणीची बस पकडायची.

"काय लिवलास हे? पायात पाय अडकूलालाय,"
सुभेदार म्हणाले. तीस वर्षं लेफ्ट-राइट, एका मापाचं.
मग थोड्या वेळानं, वाद्य पुसता पुसता,
"शनवारी मेसमध्ये सायबांच्या बायका नाचायच्या,
तवा हेच वाजवायचो की.
कुणी लिवून दिलं नव्हतं, म्हणून जमायचं."

मिसचा आक्षेप गांधारावर.
तेविसाव्या मापात सॅक्सोफोनचा कोमल, व्हायोलिनचा शुद्ध,
एकाच वेळी.
"यातला बरोबर कुठला?"
दोन्ही, मी म्हटलं.
"दोन्ही, खरं..." म्हणून त्या थांबल्या.
चाळीस वर्षं पोरांच्या चुका टिपलेली पेन्सिल
कानामागून काढली, परत तिथंच ठेवली.
"इरली बिडरी, मिस," इराप्पा म्हणाला.

आमच्याकडे "पण" म्हणायचं असलं की "खरं" म्हणतात.
जेवलो, खरं पोट भरलं नाही.
पुण्याच्या वहिनीला वाटतं आम्ही उठसूट शपथा घेतो.
शपथ नसते ती. वाक्य तिथं वळतं,
आणि वळताना आधीचं खोटं ठरत नाही.
मला गांधार तिथं हवा होता.
हे मला सांगता आलं नाही.

साडेपाचला लाईट गेली.
खालचे बारा माग एकदम थांबले
आणि आम्हीही.
थांबा असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेव्हा कळलं, महिनाभर ज्याच्यावर पाय ठेवून चाललो
तो ठेका माझा नव्हताच.
धोटा जाताना लवकर जायचा, येताना जरा उशिरा यायचा.
डाव्या अंगाचा पट्टा झिजलाय, मालक मागं म्हणाला होता,
दिवाळीला बदलू.

तापलेला पत्रा. खाली कुणीतरी खाकरलं.
इराप्पानं गज बाजूला ठेवला, बोटानं तार छेडली,
लवकर, उशिरा,
लवकर, उशिरा.
सुताराला झीज कानानं कळत असावी.
सुभेदारांनी डोळे मिटून कोमल लावला.
मिसनी शुद्धावर बोट टेकलं,
टेकलं, आणि मग ते नखाएवढं खाली घसरलं,
परत वर आलं, घाई न करता.
पेन्सिल खाली पडली, घरंगळत दारापर्यंत गेली.
उचलायला कुणी वाकलं नाही.

सातला लाईट आली.
माग त्यांच्या चालीनं सुटले, आम्ही आमच्या.
दोन मापं जुळलं. पुढं नाही.

रात्री कागद आवरताना पाहिलं,
मिसच्या प्रतीवर, तेविसाव्या मापात,
ना कोमलाची खूण, ना शुद्धाची.
पेन्सिलीनं, इंग्रजी वळणाच्या देवनागरीत
नुसतं "खर".
अनुस्वार द्यायचा राहिलाय. राहू दे.

कार्यक्रम दिवाळीनंतर आहे.
उद्या मालकाला गाठायला हवं,
पट्टा एवढ्यात बदलू नका म्हणून.
कारण काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.