कडेला आस बारीक

महापेच्या शेडमध्ये रात्री साडेअकराला
गणित अजून मिटत नाही.
एकोणीस लाख चतुष्फलकं, अँटेना तळहाताएवढी,
आणि उरलेल्या चुकीचा आलेख
दोन पायऱ्या उतरतो, एक चढतो,
गुत्त्यावरून रोज जावं लागणाऱ्या,
नुकतीच सोडलेल्या माणसासारखा.

काम कागदावर सोपं होतं.
खाडीतल्या होड्यांसाठी एक लहानसा बीकन,
चारशे तेहतीस मेगाहर्ट्झ.
होडी भरकटली तर किनाऱ्याला कळावं.
मी वळणावळणाची पट्टी आखली, खाली जमीन आखली,
भोवती हवेचा डबा, डब्याला शोषून घेणाऱ्या भिंती.
तिथे गेलेली लाट परत येत नाही
असं गृहीत धरायचं असतं.
गृहीत धरणं हा आमचा निम्मा पगार.

संगणकात सूर लागला. चारशे तेहतीसवर खोल दरी.
निळ्या फोमच्या सुळक्यांच्या खोलीत मोजलं, तिथेही लागला.
त्या खोलीत बोललेलं भिंती गिळतात.
पद्माकर मढवी, आमचा तंत्रज्ञ,
आत शिरला की कानात बोट घालून हलवतो
आणि उगाच मोठ्याने आकडे सांगतो.

मग ऐरोलीच्या दिवे कोळीवाड्यात
त्याच्या जोमाकाकाच्या होडीवर तीच अँटेना बसवली
आणि सूर तेवीस मेगाहर्ट्झ खाली घसरला.
मोजणीयंत्र मांडीवर, घोट्यापर्यंत चिखल,
पलीकडे पुलावर ट्रक मुंगीच्या पावलांनी,
आणि माझी दरी भलत्याच जागी.
जोमाकाकाने आलेखाकडे पाहिलंही नाही.
"लाकूर वला हाय, पोरी."

मी हवा धरली होती.
ओल धरली नव्हती, मीठ धरलं नव्हतं,
बावीस वर्षं पाणी पीत आलेली ती फळी
माझ्या समीकरणात कुठेच नव्हती.

परत येऊन होडी घातली गणितात.
फळ्या, खिळे, खालचं खारं पाणी.
मशीन तासाभरात कोसळलं: मेमरी पुरत नाही.
जाळी मोठी केली तर उत्तर खोटं,
बारीक केली तर उत्तरच नाही.
आठवडा असाच गेला, पंख्याच्या घरघरीत.

रविवारी पुन्हा धक्क्यावर. काका डोल शिवत होता.
तोंडाशी आस हाताएवढी,
मागे मागे बारीक होत जाणारी,
शेवटी खोल्यात जवळाही निसटणार नाही इतकी.
सगळीकडेच बारीक का नाही, मी विचारलं.
"सगलाच बारीक इनला त ओरील कोन?"

हे मला माहीत होतं.
परीक्षेत लिहिलं होतं, आठ गुणांना, आकृतीसह:
प्रवाह कडेला दाटतो, वळणावर दाटतो,
मधल्या सपाटीत फारसं काही घडत नाही.
तरी आठवडाभर मी मधली सपाटीच विणत बसले होते,
नीटनेटकी, एकसारखी, निरुपयोगी.

आमच्या घरात आस म्हणजे वाट पाहणं.
आई अजून फोनवर म्हणते, तुझी आस लागते गं.
कोळीवाड्यात आस म्हणजे जाळ्याचं भोक,
किती सोडायचं आणि किती धरायचं
याचं बोटांनी घेतलेलं माप.

म्हणून आज पट्टीच्या काठाला बारीक,
फळी जिथे पाण्याला टेकते तिथे बारीक,
आणि वर आकाशाकडे ऐसपैस.
एकोणीस लाख. गेल्या वेळी दीड कोटी होती.
पदार्थांच्या यादीत तांबं, हवा, एफआर-फोर,
आणि खाली मी भर घातलेला चौथा:
लाकूर वला.
पद्माकरने ते वाचलं, काही बोलला नाही,
फक्त 'वला'च्या पुढच्या रकान्यात
मी टाकलेला आकडा खोडून त्याने थोडा वाढवला.
भरतीला जास्त भिजतं, म्हणाला.

आलेख पुन्हा एक पायरी चढलाय.
चार वाजता भरती आहे, काका निघेल,
बीकनशिवायच, जसा रोज निघतो.
मी दिवे घालवत नाही.
उतरतोय आता. थांब.
उतरतोय.