शून्याचं बटण

टीव्ही भंगारात गेला, रिमोट राहिला.
पाठीचं झाकण केव्हाच हरवलंय,
सेल पडू नयेत म्हणून रबरबँड,
मिठाईच्या खोक्याचा.

समोरच्या मढवींच्या हर्षालीने
कंप्युटरला बोटाच्या पेराएवढा एक तुकडा खोचला,
तासभर काहीबाही टाइप केलं
आणि म्हणाली, काका, दाबा आता.

दाबलं. पडद्यावर खिडकी उघडली.
ऐरोली, सेक्टर तीन, दुपारचे सव्वातीन,
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा,
आणि डाव्या अंगठ्याखाली
अख्खा कंप्युटर.

तिने वहीच्या कागदावर लिहून दिलंय:
चॅनेल वर म्हणजे पुढची खिडकी,
आवाज कमी म्हणजे पान खाली,
लाल म्हणजे बंद.
बाण धरून ठेवला की कर्सर सरकतो,
सोडला की थांबतो.
हे ती दोनदा समजावत होती
आणि मी ऐकून घेत होतो,
जणू सत्तावीस वर्षं
ठाणे-बेलापूर रोडला दहा टनी क्रेनची
वरून लोंबणारी ती पेटी
मी नाही, माझ्या भावाने हाताळली होती.

वर, खाली. डावीकडे, उजवीकडे. पुढे, मागे.
आणि सातवं लाल, अळंब्यासारखं फुगलेलं,
ते दाबायची वेळ येऊ नये, असं.
अक्षरं ग्रीसने कधीच खाल्ली होती,
अंगठ्याला पाठ.
समोर बाळाराम. तो बोलायचा नाही,
त्याचे हात बोलायचे. क्वचित ओरडायचा:
हापेस! म्हणजे उचल.
आरिया! म्हणजे सोड.
कुठल्या दर्यावरून आले हे शब्द, आम्ही विचारलं नाही.
करंगळी दाखवली की केसभर आरिया.
केसभर सोडायचे ते साडेसहा टन.

आता केसभर सरकवायचा तो
सोसायटीच्या पाणीबिलाच्या तक्त्यातला कर्सर,
चव्वेचाळीस नंबरच्या खोलीवरून पंचेचाळीसवर.
पहिल्या दिवशी चारदा पुढे गेलो,
शेहेचाळीसच्या पाटणकरांना दोन महिन्यांचं पाणी लावलं.
वजनच नाही त्याला. झोका घेत नाही,
साखळी कुरकुरत नाही,
सुटलं कधी तेच कळत नाही.

कंपनी होती तिथे आता
बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत नुसते कंप्युटर, म्हणे, आणि गारवा.
हर्षाली तिथेच रात्रपाळीला असते.
तुम्ही इथे दाबलेलं तिथेसुद्धा पोचत असेल, म्हणाली.
पोचू दे.
क्रेनचे रूळ काढले का गं, विचारलं.
कसले रूळ, म्हणाली.

एकच बटण उरलं होतं, शून्य.
ह्यावर काय टाकू काका? भजनं? बातम्या?
बडोद्याला दादाला फोन?
म्हटलं, काही नको.
दाबलं तर काहीच हलू नये
असं एक असू दे.
ती हसली. मग माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं,
आणि कागदाच्या तळाशी लिहिलं:
शून्य – काही नाही.

काल रात्री मार्चअखेरचा हिशोब जुळवत होतो,
खिडक्या एकीवर एक,
एवढ्यात मालती जेवणाची ताटं उचलून
माझ्या आणि कंप्युटरच्या मधून निघाली.
गुडघा धरलाय तिचा, सावकाश चालते.
किरण तिच्या गाऊनवर पडला असणार,
दिसत नाही तो.
अंगठा आपसूक शून्यावर गेला.

चालू द्या की तुमचं, ती म्हणाली,
मी काय अडवलंय?
मी नुसती मान हलवली.
खालून माणूस जात असताना
भार हलवत नाहीत.

ती मोरीपाशी पोचली,
ताटं वाजली, नळ सुटला,
तेव्हा अंगठा उचलला.
हं, बाळाराम.
केसभर.
आरिया.