भिंत तपासणारी

स्मरांदा रोज सकाळी नऊला
भिंतीवर डोकं आपटायला बसते.
अलंकारिक बोलत नाही मी,
तिच्या करारातच आहे, जरा सभ्य भाषेत:
पात्राने प्रत्येक पृष्ठभागाशी टक्कर घ्यावी.

बुखारेस्टच्या पश्चिमेला, बंद पडलेल्या बेअरिंगच्या कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर आम्ही चाळीस जण.
खेळ बनतो दुसऱ्याच देशात,
आमच्याकडे येतो तो ओलाकच्चा:
बिनसावलीची झाडं,
तोंड उघडून गप्प राहणारी माणसं,
गुडघ्यापर्यंत फरशीत रुतलेला राजा.

तिची आत्या विचारते,
घोडी झालीस, अजून खेळतेस?
खेळणारा दाराकडे जातो, आत्या.
आम्ही जातो
दाराशेजारच्या भिंतीकडे.

या हिवाळ्यात एक मिठाचं बंदर आलंय.
दोन हजारांवर भिंती.
सरळ धडक, तिरकी धडक, उडी मारून,
उकिडवं बसून, पाठ लावून.
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कीबोर्डशेजारी साठत जातात.
आपटता आपटता कळतं तिला, कुणीतरी
किती जीव लावून बसलं होतं इथे:
बोळाच्या तोंडाशी एकच दिवा,
म्हणजे नजर आपोआप तिकडे वळावी.
पहिला खड्डा उथळ ठेवलाय,
पडावं, पण मरू नये,
आणि पुढचा खोल असेल हे
कुणी न सांगता समजावं.
असा मास्तर शाळेत भेटला असता तर,
ती म्हणते, आणि पुन्हा धडकते.

तिचे वडील वालेरिऊ, गवंडी.
द्रुमुल ताबेरेईतल्या निम्म्या इमारतींना
त्यांचा ओळंबा लागलेला.
आता छातीत सिमेंट, खिडकीत खुर्ची.
पडद्यावरचं घरी दाखवायची बंदी आहे,
म्हणून रात्री सूप पिताना ती तोंडी सांगते:
मासळीबाजारामागची भिंत, लांबलचक, काहीच सापडत नाही.
ते विचारतात,
कोपऱ्यातली वीट अख्खी की अर्धी?
अर्धी.
मग तिथे बघ. कोपरा येईस्तोवर
जेवायची सुट्टी झालेली असते.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या विटेवर धडकली
आणि
पलीकडे गेली.

पलीकडे आभाळ नव्हतं.
राखाडी, नुसतं राखाडी, आणि चटईएवढी जमीन.
तिच्यावर एक बाक.
बाकावर दोन वाडगे, एकातच चमचा.
कुठलीही वाट इथे येत नाही,
कुठलंही काम इथे संपत नाही.
कुणाचं तरी राहून गेलेलं,
की मुद्दाम ठेवलेलं?
मी माझ्या खुर्चीवरून पाहिलं,
आम्ही दोघंही थोडा वेळ
काहीच टाईप केलं नाही.

मग तिने नोंद केली. बग ४०,९१७.
तीन दिवसांनी शेरा आला:
दुरुस्त करणार नाही.

वसंतात खेळ बाजारात गेला.
शेवटी नावं सरकत राहतात अठरा मिनिटं,
गाडीवाले, स्वयंपाकी, त्या सहा महिन्यांत जन्मलेली बाळंसुद्धा.
आम्ही चाळीस जण कंपनीच्या एका ओळीत मावलो.
जूनमध्ये चाळिसाचे अकरा झाले,
त्या अकरांत ती नव्हती, मी होतो.
याचं काय करायचं, मला अजून समजलेलं नाही.

परवा ट्राममध्ये दोन शाळकरी पोरं,
एक दुसऱ्याला कानात सांगत होता:
मासळीबाजारामागे, अर्धी वीट, धावत जा.
तिथे काय आहे?
काही नाही रे. बसता येतं.

मी तिला फोन केला.
तिने दुकानातून पुरी किंमत मोजून खेळ आणला होता.
वडिलांच्या हातात कंट्रोलर दिला,
थरथरत्या अंगठ्यांनी त्यांनी बंदर ओलांडलं,
दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
सरळ कोपऱ्यात.

बाकावर बसले.
म्हणाले, प्लास्टर राहिलंय इथलं.

जेवण गार होतंय,
तिने दोनदा सांगितलं.